अंगातले पाणी आणि औषधाची परीक्षा

१/२५
१३ डिसेंबर १७८४. लंडनमधील बोल्ट कोर्टातल्या आपल्या घरी इंग्रजीचे विख्यात कोशकार सॅम्युएल जॉन्सन अखेरच्या घटका मोजत होते. पाय सुजून खांबासारखे झाले होते आणि श्वास पुरत नव्हता. पाण्याला वाट मिळावी म्हणून शल्यचिकित्सकांनी पायांवर छेद दिले होते, पण ते जॉन्सन यांना फारच वरवरचे वाटले. अखेर त्यांनी स्वतःच हत्यार हाती घेतले आणि आपल्या सुजलेल्या पायांत खोलवर खुपसले. त्याच संध्याकाळी त्यांचे निधन झाले. ज्या व्याधीने त्यांना या थराला नेले, तिच्या औषधाची परीक्षा कशी झाली, त्या अडीचशे वर्षांचा हा इतिहास.

२/२५
इंग्रज लोक या व्याधीला ‘ड्रॉप्सी’ म्हणत. आपल्याकडे पायांवर सूज, अंगावर पाणी येणे, शोथ, जलोदर अशी तिची निरनिराळी नावे. आयुर्वेदाच्या संहितांत उदररोगांच्या आठ प्रकारांत जलोदराची गणना आहे. पोटातील पाणी नळीवाटे काढण्याची कृती सुश्रुतसंहितेत दिलेली आहे आणि सारे पाणी एकाच दिवशी काढू नये, अशी सूचनाही तेथेच आहे. पाणी दिसते, म्हणून ते बाहेर काढावे, हा विचार जगभरच्या वैद्यांना सुचला. ते कशामुळे साचते, हा प्रश्न मात्र फार काळ अनुत्तरित राहिला.

३/२५
आजचे उत्तर थोडक्यात असे. हृदयाचा पंप दुबळा झाला की मूत्रपिंडांना पुरेसा रक्तपुरवठा होत नाही. शरीरात रक्त कमी पडले आहे असा त्यांचा समज होतो आणि ती मीठ व पाणी धरून ठेवू लागतात. वाढलेल्या पाण्याने शिरांमधील दाब वाढतो. मग ते पाणी पायांत, पोटात आणि फुप्फुसांत झिरपते. रात्री आडवे होताच रुग्णाला गुदमरल्यासारखे होते आणि तो उशा रचून बसून राहतो. याला आज हार्ट फेल्युअर म्हणतात. अठराव्या शतकातील वैद्यांना यातले फक्त शेवटचे टोक, म्हणजे पाणी, दिसत होते.

४/२५
त्यांच्यापाशी उपाय होते, पण ते सारेच उग्र. रक्तमोक्षण, जुलाब, पाऱ्याची औषधे, पोटात नळी घालून पाणी काढणे आणि स्क्विल नावाचा औषधी कांदा. कोकणात आणि घाटावर उगवणारा रानकांदा हा याच स्क्विलचा जवळचा नातलग. त्याने ओकारी येई आणि कधीकधी लघवीही वाढे. मळमळ झाली म्हणजे औषध लागू पडले, असे वैद्य मानत. ही समजूत पुढे अनेकांना महागात पडणार होती.

५/२५
निधनापूर्वी दहा महिने, फेब्रुवारी १७८४ मध्ये, जॉन्सन यांनी एक चमत्कार अनुभवला होता. सूज शिगेला पोहोचली असताना त्यांना एकाएकी लघवी सुटली आणि सुमारे २० पिंट, म्हणजे ११ लिटरांहून अधिक पाणी निघून गेले. ते स्क्विल घेत होतेच. पण त्याच सुमारास त्यांनी एक संपूर्ण दिवस एकांतात प्रार्थनेत घालवला होता. श्रेय औषधाचे, प्रार्थनेचे की शरीराच्या स्वाभाविक चढउताराचे? एका माणसाच्या अनुभवावरून याचा निवाडा होऊ शकत नाही. नव्या उपचाराच्या परीक्षेतील मूळ अडचण हीच आहे.

६/२५
या अडचणीला शिस्तीने भिडलेल्या पहिल्या काही वैद्यांत विल्यम विदरिंग यांचे नाव घ्यावे लागते. जन्म १७४१, श्रॉपशायरमधील वेलिंग्टन येथे, वडील औषधविक्रेते. एडिंबरा येथे वैद्यकाचे शिक्षण घेत असताना वनस्पतिशास्त्र हा त्यांचा नावडता विषय होता. पुढे स्टॅफर्ड येथे वैद्यकी करताना फुलांची चित्रे काढणाऱ्या हेलेना कुक्स यांच्याशी परिचय झाला. त्यांच्यासाठी रोपे गोळा करता करता विदरिंग यांना या शास्त्राची गोडी लागली. दोघांचा विवाह १७७२ मध्ये झाला आणि १७७६ मध्ये विदरिंग यांनी ब्रिटनमधील वनस्पतींवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला.

७/२५
१७७५ मध्ये ते बर्मिंगहॅमला आले. त्याच वर्षी त्यांच्यापुढे एक घरगुती नुस्खा अभिप्रायासाठी आला. श्रॉपशायरमधील एका वृद्ध स्त्रीने तो गुप्त राखला होता आणि नामांकित वैद्यांनी हात टेकलेले ड्रॉप्सीचे रुग्णही तिच्या औषधाने कधीकधी बरे होत. नुस्ख्यात वीस किंवा अधिक वनस्पती होत्या. त्याने जोराच्या उलट्या व जुलाब होत, आणि लोकांचे लक्ष तेवढ्यावरच खिळलेले होते. खरा परिणाम लघवीवर होतो आहे, हे विदरिंग यांनी ओळखले. वनस्पतींच्या जाणकाराला त्या गर्दीतून गुणकारी वनस्पती निवडणे कठीण गेले नाही. ती होती फॉक्सग्लोव्ह.

८/२५
येथे एका दंतकथेचा निकाल लावणे आवश्यक आहे. या वृद्धेचे नाव ‘मदर हटन’ होते, असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. विदरिंग यांनी तिचे नाव कोठेही दिलेले नाही. ‘मदर हटन’ अवतरली ती विसाव्या शतकात, पार्क-डेव्हिस या अमेरिकी औषध कंपनीच्या जाहिरातीसाठी काढलेल्या चित्रातून. चित्र लोकप्रिय झाले आणि नाव इतिहासात शिरले. जिच्या ज्ञानावर आधुनिक हृदयवैद्यकाचा एक आधारस्तंभ उभा आहे, ती स्त्री अनामच राहिली.

९/२५
फॉक्सग्लोव्ह ही युरोपच्या रानात उगवणारी, जांभळ्या घंटांसारख्या फुलांची वनस्पती. फुलांचा आकार बोटात घालायच्या अंगुस्तानासारखा, म्हणून जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ लिओनहार्ट फुक्स यांनी १५४२ मध्ये बोटावरून तिचे ‘डिजिटॅलिस’ असे लॅटिन नामकरण केले. ती विषारी आहे. हृदयावर काम करणारी अशीच विषे आपल्या अंगणातल्या कण्हेरीतही असतात. उपकारक मात्रा आणि मारक मात्रा यांत अंतर अगदी थोडे, आणि ते अंतर त्या काळी कोणी मोजलेले नव्हते.

१०/२५
मोजमाप झाले ते गरिबांवर. विदरिंग रोज एक तास गरीब रुग्णांना विनामूल्य तपासत. वर्षाकाठी असे दोन ते तीन हजार रुग्ण येत. त्यांतील ड्रॉप्सीच्या रुग्णांना त्यांनी फॉक्सग्लोव्ह देण्यास आरंभ केला. आरंभीच्या मात्रा फारच मोठ्या होत्या आणि औषध गरजेपेक्षा अधिक दिवस चालू ठेवले गेले, हे त्यांनी पुढे आपल्या ग्रंथात स्पष्ट लिहून ठेवले. कारणही दिले. स्क्विल मळमळ होईपर्यंत दिला की लघवी वाढते. त्याच न्यायाने फॉक्सग्लोव्हही द्यावा, असे त्यांना वाटले होते. रुग्णांच्या गर्दीमुळे प्रत्येकाची टिपणे ठेवता आली नाहीत, हेही त्यांनी नमूद केले आहे. त्या आरंभीच्या रुग्णांपैकी किती जणांना विषबाधा झाली, याचा हिशेब त्यामुळे कधीच लागणार नाही.

११/२५
मधल्या काळात विदरिंग यांचा या औषधाचा उत्साह मंदावला होता. तो पुन्हा जागा झाला एका बातमीने. ऑक्सफर्डच्या ब्रेझनोज महाविद्यालयाचे प्रमुख डॉ. कॉली यांच्या छातीत पाणी झाले होते. मोठमोठ्या वैद्यांनी आशा सोडल्यावर फॉक्सग्लोव्हच्या मुळीने ते बरे झाले, असे डॉ. ॲश या सहव्यवसायी वैद्यांकडून त्यांना समजले. विदरिंग नव्या जोमाने कामाला लागले. मुळीचा जोर ऋतूनुसार बदलतो, हे ध्यानी घेऊन त्यांनी मुळी सोडून पान घेतले. पानही फुलोऱ्याच्या काळात खुडलेले, वाळवून पूड केलेले. एकाच औषधाची ताकद दर वेळी सारखी असल्याखेरीज त्याची परीक्षा होऊ शकत नाही, हे तत्त्व त्यांना उमगले होते.

१२/२५
मग मात्रा. प्रौढ रुग्णाला पानाची पूड एक ते तीन ग्रेन, दिवसातून दोनदा. एक ग्रेन म्हणजे आजचे सुमारे ६५ मिलिग्रॅम. औषध कोठे थांबवावे याचा त्यांनी घालून दिलेला नियम असा : मूत्रपिंडे, पोट, नाडी किंवा आतडी यांपैकी कोठेही परिणाम दिसेपर्यंत औषध द्यावे आणि पहिले चिन्ह दिसताच थांबवावे. अतिमात्रेची लक्षणेही त्यांनी नोंदवली. उलट्या, भोवळ, वस्तू हिरव्या-पिवळ्या दिसणे, नाडी मिनिटाला ३५ पर्यंत मंदावणे, फेफरे आणि मृत्यू. आजचा हृदयरोगतज्ज्ञ ही यादी वाचून डिजिटॅलिसची विषबाधा तत्काळ ओळखेल.

१३/२५
दरम्यान श्रेयाचा वादही पेटला. विदरिंग यांना बर्मिंगहॅमला येण्याचा सल्ला देणारे वैद्य इरॅस्मस डार्विन, म्हणजे उत्क्रांतिवादी चार्ल्स डार्विन यांचे आजोबा. त्यांचा चार्ल्स नावाचाच मुलगा एडिंबरा येथे वैद्यक शिकत असताना १७७८ मध्ये मरण पावला. १७८० मध्ये त्याचे लेखन प्रसिद्ध करताना इरॅस्मस यांनी फॉक्सग्लोव्हने उपचार केलेल्या रुग्णांची माहिती जोडली, मात्र विदरिंग यांचा उल्लेख टाळला. दोघेही बर्मिंगहॅमच्या ‘लुनार सोसायटी’ या विद्वन्मंडळाचे सदस्य. मैत्री तेव्हापासून विटत गेली.

१४/२५
विदरिंग यांना श्रेयापेक्षाही मोठी चिंता वेगळीच होती. १७८३ मध्ये एडिंबराच्या अधिकृत औषधसूचीत फॉक्सग्लोव्हचा समावेश झाला आणि कोणीही कसेही ते देऊ लागले. अविचारी वापराने रुग्ण मरतील, किंवा घाबरून वैद्य हे मोलाचे औषध टाकून देतील, अशी दोन्हीकडून हानी त्यांना दिसत होती. म्हणून १७८५ मध्ये त्यांनी फॉक्सग्लोव्हचा वृत्तांत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्यात आपल्या १६३ रुग्णांच्या नोंदी वर्षवार दिल्या : रुग्णाची अवस्था, मात्रा, परिणाम आणि शेवट.

१५/२५
या ग्रंथाचे खरे मोल त्याच्या एका निर्णयात आहे. फक्त गुण आलेले रुग्ण निवडून मांडले असते तर औषधाची कीर्ती वाढली असती आणि लेखकाचीही. सत्य आणि शास्त्र यांना ते मान्य झाले नसते, अशा आशयाचे निवेदन प्रस्तावनेत आहे. म्हणून योग्य-अयोग्य, यशस्वी-अयशस्वी असे ज्यांना औषध दिले ते सारे रुग्ण त्यांनी मांडले. ज्यांना उपयोग झाला नाही ते, ज्यांना त्रास झाला ते आणि जे दगावले तेही. गुप्त नुस्ख्यांवर आणि खुशीपत्रांवर औषधे खपण्याच्या त्या युगात हे धाडस होते.

१६/२५
तरीही या परीक्षेला मर्यादा होत्या. औषध न दिलेल्या रुग्णांचा तुलनेसाठी गट नव्हता. शिवाय ‘ड्रॉप्सी’ हा एक आजार नसून अनेक आजारांचे एक लक्षण आहे. पाणी हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या किंवा यकृताच्या बिघाडानेही साचते. धडधाकट, लालबुंद, ताठ नाडीच्या रुग्णांना गुण क्वचित येतो आणि फिकट, निळसर ओठांच्या, दुबळ्या नाडीच्या रुग्णांना हमखास येतो, हे विदरिंग यांनी टिपले होते. हे औषध हृदयाच्या गतीवर विलक्षण सत्ता गाजवते, असेही लिहिले होते. पण हा दुवा शेवटपर्यंत नेण्याइतके ज्ञान त्या काळापाशी नव्हते. लंडनच्या गाय्‌ज रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये मूत्रपिंडाच्या विकाराने येणारी सूज वेगळी काढली. त्यांची युक्ती साधी होती : चमच्यात लघवी घेऊन मेणबत्तीवर तापवायची, प्रथिन असेल तर ते गोठून दिसते.

१७/२५
विदरिंग १७९९ मध्ये फुप्फुसाच्या विकाराने निवर्तले. त्यांच्या पश्चात औषध राहिले आणि नियम विसरले गेले. एकोणिसाव्या शतकात फॉक्सग्लोव्ह तापापासून क्षयापर्यंत कशालाही दिले जाई आणि हृदयाच्या रुग्णांना कधी अपुरे, कधी घातक प्रमाणात मिळे. पाणी काढण्याचे जुने मार्गही चालूच होते. १८७० च्या दशकात रेजिनाल्ड साउदी या लंडनच्या वैद्यांनी चांदीच्या बारीक नळ्या प्रचारात आणल्या. त्या सुजलेल्या पायांत टोचून ठेवत आणि पाणी थेंबथेंब बाहेर येई. जॉन्सन यांनी स्वहस्ते जे केले, त्याचेच हे सुधारलेले रूप. लुईस कॅरल यांना छायाचित्रणाचा नाद लावणारे मित्र ते हेच साउदी.

१८/२५
पुढचा टप्पा व्हिएन्ना, ऑक्टोबर १९१९. महायुद्धात हरलेले, उपाशी शहर. विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागात आल्फ्रेड फोगल हा तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी जन्मजात उपदंश झालेल्या एका मुलीवर उपचार करत होता. त्याने पाऱ्याचे एक संयुग पाण्यात विरघळवून मागितले. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून औषधशाळेने चिठ्ठी परत पाठवली. तेवढ्यात सैन्यातून निवृत्त झालेल्या एका डॉक्टराने ‘नोव्हासुरोल’ या नव्या पाराजन्य औषधाचा नमुना दिला. परिचारिकेने नेटकेपणे रंगवलेल्या तक्त्यावर इंजेक्शनच्या दिवशी लघवीचा स्तंभ एकदम उंचावला. औषध थांबवले, तो खाली आला. पुन्हा दिले, पुन्हा चढला.

१९/२५
फोगलने तोच प्रयोग उपदंशाने हृदय निकामी झालेल्या एका रुग्णावर केला. दिवसाला जेमतेम २००-४०० मिलिलिटर लघवी होणाऱ्या त्या माणसाच्या शरीरातून एका दिवसात सुमारे १० लिटर पाणी गेले. १९२० मध्ये हा शोध शास्त्रीय नियतकालिकात आला तो पाउल झाक्सल आणि रॉबर्ट हायलिग यांच्या नावाने. फोगल यांनी आपली हकिकत १९५० मध्ये अमेरिकेतून लिहिली. नाझी राजवटीने व्हिएन्नाच्या ज्यू वैद्यांना देशोधडीला लावले. त्यांपैकी हायलिग भारतात आले आणि जयपूरच्या सवाई मानसिंग वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. पाऱ्याची इंजेक्शने पुढे तीन दशके वापरात राहिली. त्यांनी असंख्य रुग्णांची सूज उतरवली, काहींची मूत्रपिंडेही बिघडवली, आणि शिरेतून दिल्यावर क्वचित रुग्ण जागीच दगावे.

२०/२५
पाऱ्यापासून सुटका केली सल्फा औषधांच्या एका दुष्परिणामाने. जंतुसंसर्गावर सल्फानिलामाइड घेणाऱ्यांच्या रक्तातील आम्लता वाढते, असे आढळले होते. मूत्रपिंडे त्यामुळे सोडियम बाहेर टाकत असतील, तर हार्ट फेल्युअरमध्ये त्याचा उपयोग होईल, असे बॉस्टनच्या विल्यम श्वार्ट्झ यांना वाटले. १९४९ मध्ये त्यांनी तीन रुग्णांना ते तोंडावाटे दिले. मीठ व पाणी गेले, सूज उतरली. पण औषध दीर्घकाळ देण्याजोगे नव्हते. त्याच सूत्रावरून आधी ॲसेटाझोलामाइड आणि मग कार्ल बेयर व सहकाऱ्यांचे क्लोरोथायाझाइड निघाले. १९५८ मध्ये ते बाजारात आले आणि रुग्णाला सुईऐवजी गोळी मिळाली. १९६० च्या दशकात जर्मनीच्या होक्स्ट कंपनीचे फ्युरोसेमाइड आले. आपल्याकडील घराघरांत ते ‘लॅसिक्स’ या नावाने परिचित आहे.

२१/२५
येथवर प्रत्येक औषधाची कसोटी एकच होती : पाणी गेले का? रुग्ण अधिक जगला का, हा प्रश्न विचारण्याची साधने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडायचे. एकाला खरे औषध, दुसऱ्याला हुबेहूब दिसणारी निष्क्रिय गोळी. कोणाला काय मिळते हे डॉक्टरलाही ठाऊक नसते. फॉक्सग्लोव्हच्या कुळातील डिजॉक्सिन या कसोटीला उतरले ते विदरिंग यांच्या ग्रंथानंतर दोनशे वर्षांहून अधिक काळाने. १९९७ मध्ये अमेरिका व कॅनडातील ६,८०० रुग्णांच्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सुमारे तीन वर्षांत डिजॉक्सिनच्या गटात ३४.८ टक्के रुग्ण दगावले, निष्क्रिय गोळीच्या गटात ३५.१ टक्के. आयुष्य वाढले नाही. हार्ट फेल्युअरसाठी रुग्णालयात जाण्याची वेळ मात्र कमी जणांवर आली. दोन वर्षांनी स्पायरोनोलॅक्टोन या जुन्या मूत्रल औषधाने १,६६३ रुग्णांच्या चाचणीत मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी घटवला. पाणी काढणारी सर्व औषधे सारखी नव्हती, हे त्यातून स्पष्ट झाले.

२२/२५
फ्युरोसेमाइडची कथा अधिक बोधप्रद आहे. कित्येक दशके रुग्णालयांत ते रोज टोचले जात होते. पण मात्रा मोठी असावी की लहान, एकदम द्यावे की संथ धारेने, याबाबत प्रत्येक डॉक्टरचा आपला परिपाठ होता. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डोस’ या चाचणीत ३०८ रुग्णांवर या दोन्ही प्रश्नांची परीक्षा झाली. रुग्णाला वाटणारा आराम आणि मूत्रपिंडांचे काम या मुख्य निकषांवर कोणत्याही दोन पद्धतींत निर्णायक फरक आढळला नाही. मोठ्या मात्रेने पाणी काहीसे अधिक गेले, इतकेच.

२३/२५
नव्या उपायांचेही गर्वहरण झाले. नेसिरिटाइड हे औषध २००१ मध्ये अमेरिकेत दम कमी करण्यासाठी मंजूर झाले. मग मृत्यू व मूत्रपिंडांबाबत शंका निघाल्या आणि २०११ मध्ये ७,१४१ रुग्णांच्या चाचणीत ते फारसे घातकही ठरले नाही, फारसे उपयुक्तही ठरले नाही. टोल्व्हॅप्टनने वजन घटवले, दम कमी केला. पण २००७ च्या ४,१३३ रुग्णांच्या चाचणीत दीर्घ मुदतीत मृत्यू कमी झाले नाहीत. यंत्राने रक्त गाळून जादा पाणी काढण्याची पद्धत २००७ मध्ये २०० रुग्णांत आशादायक ठरली. २०१२ मध्ये मूत्रपिंडे आधीच ढासळत असलेल्या १८८ रुग्णांत ती औषधांपेक्षा कनिष्ठ ठरली : वजन तितकेच घटले, मूत्रपिंडांची हानी मात्र अधिक झाली.

२४/२५
२०२२ मध्ये एक जुने नाव परतले. बेल्जियममधील ५१९ रुग्णांच्या चाचणीत नेहमीच्या औषधाला ॲसेटाझोलामाइडची जोड दिली गेली, म्हणजे श्वार्ट्झ यांच्या तीन रुग्णांनंतर निघालेल्या त्याच सल्फा घराण्यातल्या औषधाची. तीन दिवसांत अंगातील जादा पाण्याचा समाधानकारक निचरा झालेले रुग्ण ४२.२ टक्के होते, तर त्याविना ३०.५ टक्के. लाभ निश्चित होता. तीन महिन्यांतील मृत्यू वा पुन्हा रुग्णालयात दाखल होणे यांत मात्र फरक दिसला नाही आणि संशोधकांनी तेही तितक्याच स्पष्टपणे छापले. विदरिंग यांच्या प्रस्तावनेतील निर्णय आता शास्त्राचा शिरस्ता झाला आहे, तो असा.

२५/२५
बदललेली आणखी एक गोष्ट आकड्यांत दिसत नाही. बर्मिंगहॅमच्या गरिबांना आपल्यावर नव्या औषधाची परीक्षा होत आहे, हे विचारले जात नव्हते. नाझी डॉक्टरांच्या अत्याचारांनंतर १९४७ ची न्यूरेंबर्ग संहिता आणि १९६४ ची हेलसिंकी घोषणा यांनी रुग्णाची जाणती संमती ही पूर्वअट केली. आज अशा चाचणीतील प्रत्येक जण कागदावर सही करतो. हवे तेव्हा बाहेर पडू शकतो. त्याला त्रास झाला तर त्याची नोंद होते. विदरिंग यांच्या स्मृतिशिलेवर एजबॅस्टनच्या जुन्या चर्चमध्ये फॉक्सग्लोव्ह कोरलेले आहे. श्रॉपशायरच्या वृद्धेचे आणि मोफत तपासणीच्या त्या तासाला रांगेत उभ्या राहिलेल्या रुग्णांचे स्मारक कोठेही नाही. योग्य मात्रा कोणती, हे विदरिंग त्यांच्याकडूनच शिकले होते.